पहिल्या नंबरचे गाव

मी एक जुना मचवा आहे आणि, मित्रांनो, मी थोडा कडवटही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही रुसायला नको. रोह्याला कुंडलिकेच्या काठी, पुलापासून थोडे खाली, चिखलात एका कुशीवर पडलेले एक लाकडी धूड तुम्हाला दिसेल. डोलकाठी नाही, सुकाणू नाही, अर्ध्या फळ्या लोकांनी चुलीत घालण्यासाठी ओढून नेलेल्या. तोच मी. माझ्या पोटात आता भटकी कुत्री वितात. त्यांची पिल्ले गोड असतात, तेवढाच विरंगुळा.

माझा जन्मही इथलाच. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. मालू सुतार नावाच्या माणसाने मला याच काठावर घडवले. डोंगरातला चांगला जुना साग त्याने स्वतः निवडला, फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, अंगाला माशाचे तेल चोपडले. मी पाण्यात उतरलो तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मुलीची पाठवणी करतो आहे. मालूला माणसांशी नीट बोलता येत नसे, सारखा खेकसायचा. लाकडाशी मात्र तो कधी खोटे वागला नाही.

मला कोणा शेटजीने विकत घेतले नाही. एका अख्ख्या गावाने घेतले. पेणकडे धरमतरच्या खाडीला लागून, गडबच्या खाली कोसभर आत, हे गाव होते. त्याचे नाव मी सांगणार नाही. एक्केचाळीस घरे, पुढे भातशेती, कडेला मिठागरे. खाडीकाठची शेती म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेला घास असतो. खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालावा लागतो. हा बांध कोण्या एकट्याचा नसतो. सगळी घरे मिळून तो राखतात, प्रत्येक घरातून माणूस कामाला येतो, आणि या मंडळाला तिकडे ‘जोळ’ म्हणतात. या जोळानेच वर्गणी काढून मला आणले होते.

बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. ओहोटी लागली की तो उघडायचा, शेतातले पावसाचे जास्तीचे पाणी खाडीत जाऊ द्यायचे. भरती आली की बंद करायचा. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा, न चुकता. हे काम गोदूबाईकडे होते. गोदूबाई म्हणजे मला चालवणाऱ्या तांडेलाची, शिवाची, बायको. ठेंगणी, रापलेली, आणि जिभेने अशी तिखट की गावातले बाप्ये तिच्याशी बोलायच्या आधी पागोटे सारखे करत. माझा धक्का उघाडीच्या शेजारीच होता, म्हणून माझा आणि तिचा सहवास रोजचा. ती दार लावायला आली की एक हात माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, टेकून दम खात असे. माझ्या आयुष्यात एवढ्या मायेने मला दुसऱ्या कोणी हात लावला नाही, अगदी मालूनेही नाही.

पहिली सात-आठ वर्षे फार सुखाची गेली. जाताना मी मीठ, भात आणि पेंढा भरून न्यायचो, कधी मुंबईला, कधी अलिबागला वळसा घालून रेवदंड्यावरून आत रोह्याला. येताना माझ्या पोटात काय नसायचे? रॉकेलचे डबे, लुगडी, कौले, खिळे, मुलांच्या पाट्या, खोकल्याचे औषध. आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पिंपे. त्या गावात मीठ होते, मासे होते, भात होता, पण विहिरीचे पाणी जिभेवर धरवत नसे. मी धक्क्याला लागलो की बायका हंडे घेऊन धावत यायच्या. मी निघताना मला निरोप द्यायला मोजून चार माणसे असत. परत येताना सारे गाव असे. तेव्हाच मला कळायला हवे होते की मचव्याची खरी किंमत कुठल्या फेरीत असते.

मग एक दिवस सरकारी कचेरीतले एक साहेब गावात आले. देवळापुढे सतरंजी अंथरली, साहेबांना खुर्ची दिली. साहेबांनी समजावून सांगितले, की आपल्या देशाला परदेशातून पुष्कळ माल आणावा लागतो आणि आपला माल तिकडे कमी जातो. जो देश आणतो त्याहून जास्त पाठवतो, त्याच्या गाठीला शिल्लक राहते, त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. गावांनीही हाच धडा घ्यावा. म्हणून दर वर्षी वैशाखात पेणला प्रदर्शन भरेल, बंदरावरचा कारकून प्रत्येक गावाचा गेलेला आणि आलेला माल वहीत लिहील, आणि ज्या गावाचा पाठवलेला माल आणलेल्या मालापेक्षा सर्वांत जास्त भरेल त्याला चांदीचा मुलामा दिलेली ढाल मिळेल.

साहेबांचे काही चुकले नव्हते, मित्रांनो. जास्तीचे पिकवावे, बाहेर पाठवावे, चार पैसे राखून असावे, यात वाईट ते काय? साहेब एवढेच सांगायला विसरले, की राखलेल्या पैशाचे पुढे काहीतरी आणायचेही असते.

जोळाचा पुढारी बाबाजी. त्याला मी लबाड म्हणणार नाही, म्हणता आले असते तर माझे काम सोपे झाले असते. अंगाने आडदांड, मनाने सरळ, बांधाच्या कामाला सगळ्यांच्या आधी चिखलात उतरणारा माणूस. त्याचे गावावर वेडे प्रेम होते. ते भाषण त्याच्या डोक्यात जाऊन बसले. साहेब गेल्यावर तो उठून उभा राहिला.

“साहेब बोलले ते आपल्याला नवा नाय,” तो म्हणाला. “आपली उघाडी बघा. आतला पानी भायेर सोडते, भायेरचा थेंब आत येऊ देत नाय. म्हनून आपली शेती जगलीय. गावानं पन तसाच वागायचा. आतला भायेर. भायेरचा आत नाय.”

लोकांनी माना डोलावल्या. खाडीकाठच्या माणसाला उघाडीचा दाखला दिला की पुढे काही विचारावेसे वाटत नाही. जन्मभर त्याने हेच पाहिलेले असते, की बाहेरून येते ते खारेच असते. ही चूक डोंगरातल्या गावाने कधी केली नसती.

पहिल्या वर्षी गावाचा नंबर दुसरा आला. बाबाजीच्या जिवाला ते फार लागले. दुसऱ्या वर्षी त्याने कंबर कसली. आधी लुगडी बंद झाली, जुनी फाटकी जोडून, दंड घालून नेसा. मग कौले बंद झाली, पेंढा शाकारा. रॉकेल निम्मे झाले. शेवटी गोड्या पाण्याची पिंपेही बंद झाली, कारण तोही ‘आलेला माल’ म्हणून कारकून वहीत लिहायचा. बायका कोसभर चालत गडबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. डोक्यावर तीन हंडे, पायाखाली निसरडा बांध. कुरकुर कोणी केली की बाबाजी म्हणे, “जरा कळ काढा. गावाचा नाव होतोय.”

आणि मी रिकामा परत येऊ लागलो. आता शिडाचा मचवा अगदी रिकामा चालवता येत नाही, वारा त्याला कलंडवतो. तळाला वजन लागते. म्हणून शिवा येताना माझ्या पोटात दगड भरायचा. गावात पोचल्यावर ते उघाडीजवळ काठावर टाकायचे आणि पुन्हा मीठ भरायचे. दगड विकत घेतलेले नसत, म्हणून ते वहीत येत नसत. तांदूळ आणि मीठ देऊन आम्ही दगड आणत होतो आणि कारकून खूश होता. दगडांचा ढीग माझ्या डोलकाठीच्या निम्म्यापर्यंत वाढला. मुले त्यावर चढून घसरगुंडी खेळायची. धक्क्यावर आता मला घ्यायला कोणी येत नसे.

त्याच वर्षी पौषात गोदूबाईच्या लक्षात आले, की उघाडीचे दार सडले आहे. ती दार लावताना पायाच्या अंगठ्याने खालची फळी दाबून पाहत असे. त्या दिवशी अंगठा आत गेला. तिने कोयता घेऊन खरवडले तर लाकूड ओल्या भाकरीसारखे निघाले. ती तशीच जोळाच्या बैठकीला गेली आणि डोक्यावरचा पदर सावरून सगळ्या बाप्यांसमोर तिने तो भुगा ठेवला.

“यंदाच्या पावसाला ह्यो दार नाय टिकायचा,” ती म्हणाली. “मना बोलवून नंतर इचारू नका. आता सांगतंय.”

बाबाजीने मान्य केले. बांधाच्या बाबतीत तो कधी हयगय करत नसे. रोह्याच्या मालू सुताराला माप पाठवले, सागाचे दार सांगितले, आणि किंमत मिठात ठरली. माघात आणि चैत्रात मीच दोन खेपा मीठ मालूच्या हवाली केले. म्हणजे दाराची किंमत पोचली होती. दार तेवढे यायचे होते.

वैशाखातली माझी शेवटची फेरी रोह्याची होती. त्यानंतर मचवे काठावर ओढून शाकारतात, ते नारळी पुनवेपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. त्या फेरीला शिवाबरोबर बाबाजी स्वतः आला. काठावर दार तयार होते. काय देखणे दार होते ते! चार बोटे जाड, लोखंडी पट्ट्या ठोकलेले, तेल पिऊन काळसर झालेले. उचलायला आठ माणसे लागतील असे वजन. माझ्याच वाणाचा साग तो, मला ओळख पटली. भाऊ घरी चालला आहे असे मला वाटले.

मालूने उचलायला माणसे बोलावली. तेवढ्यात बाबाजीने हात वर केला. “थांबा. ह्या खेपेला नको.”

शिवा बघतच राहिला. “नको म्हंजे? ह्याच्यासाठीच तं आलाव आपन.”

“परदर्शन आठ दिसांवर आलाय, शिवा. वही बंद व्हायची हाय. एवढा सागाचा दार आला तं कारकून केवढा आकडा लिवील? वर्साची मेहनत पान्यात जाईल. परदर्शन झाला की गाडीनं आनू.”

“आन् पाऊस आदी आला तं?”

“जेष्ठाच्या आदी कुठचा पाऊस?”

मालू सुतार खेकसला, “अरे, मीठ माझ्या घरात येऊन पडलंय. माल दिलात, आणि बदल्यात न्यायचा तो नेत नाय? हे कुठलं शहाणपण?”

बाबाजी हसला. त्या हसण्यात अभिमान होता, तो मी अजून विसरलो नाही. “तो तुझ्याकं जमा हाय ना? असू दे. तीच तं आमची शिल्लक.”

दार काठावर राहिले. माझ्या पोटात कुंडलिकेतले दगड पडले. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही. पण त्या दिवशी मी वळायला तयार नव्हतो. शिवाने दोनदा सुकाणू दाबले तेव्हा कुठे मी तोंड फिरवले. त्याने तेव्हा बाबाजीशी भांडायला हवे होते, हे तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला.

गावी गोदूबाई धक्क्यावर उभी होती. नवे दार आले की त्याची पूजा करायची, नारळ फोडायचा आणि मगच ते बसवायचे, अशी त्या गावाची रीत. ती हळदकुंकवाचे ताट घेऊन आली होती. माझ्या पोटात वाकून तिने पाहिले. दगड. तिने ताट खाली ठेवले.

“मामा, दार कुठाय?” तिने बाबाजीला विचारले.

“येईल गो. आठ दिसांनी.”

“मीठ गेला?”

“मीठ गेला ना. तो कवाच गेला.”

“मंग दार का नाय आला?” तिचा आवाज चढला. “आपन पाठवतो कशाला, मामा? आपल्याकं जे नाय ते आनाया पाठवतो. निसता पाठवाया पाठवतो का?”

बाबाजीने तिला समजावले, उघाडीचा तोच दाखला दिला, आतला बाहेर, बाहेरचा आत नाही. तेव्हा गोदूबाई जे बोलली ते साऱ्या गावाने ऐकले. “उघाडीचा दार सोता लाकडाचा असतो मामा, आन् लाकूड भायेरनंच येतो.” ताट उचलून ती घरी गेली. कोणीही तिच्या बाजूने उभे राहिले नाही. शिवाही नाही.

प्रदर्शनात गावाचा पहिला नंबर आला. बाबाजीने ढाल गडबपासून गावापर्यंत खांद्यावर आणली, पुढे ढोलकी. देवळात खुंटीला ती टांगली. त्या संध्याकाळी गावात गूळ वाटला. गूळ गावातलाच जुना, शिलकीचा, बाहेरून आणलेला नव्हता.

आणि पाऊस आधी आला. वैशाख संपायच्या आतच असा बसला की गडबपासून गावापर्यंतची वाट गुडघाभर चिखल झाली. गाडी येईना. मला काठावर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारले होते. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता ज्येष्ठ गेला. भाताची लावणी झाली. शेत हिरवेगार दिसू लागले, आणि गोदूबाई रोज दोनदा त्या सडक्या दाराला चिंध्या, चिखल आणि पेंढा लावून भरती परतवत राहिली. आषाढाची अवस जवळ आली. अवसेचे उधाण मोठे असते. तीन दिवस आधी ती शिवाला म्हणाली, “आता तुमी तरी उठा.”

शिवा चार माणसे घेऊन निघाला. रोह्याला जाऊन त्यांनी दार ट्रकवर घातले, कोलाडला हमरस्त्याला लागले. खांब गावाजवळ ट्रक चिखलात फसला, तिथे अर्धा दिवस गेला. अवसेच्या दिवशी सकाळी दार गडबला एका दुकानापुढे उतरले. पुढे कोसभर चिखल, वजन आठ माणसांचे, आणि हे पाच. शिवा माणसे जमवायला गावाकडे पळत सुटला.

अवसेला आमच्या खाडीत भरती भर दुपारी पुरी होते. मी काठावरून सगळे पाहत होतो. पाणी बांधाच्या निम्म्याला असतानाच दाराच्या तळाशी फेस दिसला. गोदूबाईने हाक मारली. बायाबाप्ये धावले. पेंढ्याच्या गठड्या टाकल्या, गोधड्या टाकल्या. गोदूबाई घरी गेली आणि स्वतःच्या घराचे दार बिजागऱ्यांसकट उपटून घेऊन आली. ते पाहून आणखी तीन घरांतून दारे आली. ती आंब्याच्या पातळ फळ्यांची दारे, माणसाला अडवायला केलेली. समुद्राने ती एकेक करून आत फेकली.

उघाडी गेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंची बांधाची माती वितळू लागली. मग कोणाला तरी त्या दगडांची आठवण झाली. रांग लावून लोकांनी ढीगच्या ढीग खिंडारात लोटला. वर्षभर मी वाहून आणलेले ते दगड अर्ध्या तासात चिखलाने गिळले. बाबाजी छातीइतक्या पाण्यात उभा होता आणि स्वतःच्या पाठीने समुद्र अडवत होता. वाहूनच जायचा, पण गोदूबाईने त्याचे पागोटे ओढून काढले, त्याच्या हाताला बांधले आणि चार बायकांनी मिळून त्याला बाहेर खेचले.

शिवा पोचला तेव्हा शेतात खाडी होती.

मी तेव्हा काठावर होतो, शाकारलेला, कोरडा, धडधाकट. दार आणण्याच्या कामाचा मी एकटाच होतो आणि त्याच कामासाठी मला वापरले गेले नव्हते. मित्रांनो, निरुपयोगी वस्तूला दुःख असते असे तुम्हाला वाटत असेल. उपयोगी असून बसून राहिलेल्या वस्तूचे दुःख त्याहून मोठे असते.

खारे पाणी शेतात एकदा शिरले की ती जमीन तीन-चार वर्षे भात देत नाही. दिवाळीत नवे दार बसवले, बांध पुन्हा घातला. दार छान बसले. त्याच्या आत राखायला काही उरले नव्हते. त्या वर्षी गाव सगळे बाहेरून आणून खात होते आणि प्रदर्शनात त्याचा नंबर शेवटचा आला. ढाल परत न्यायला माणूस आला तेव्हा बाबाजी घराबाहेर आला नाही.

मग माणसे जाऊ लागली. कोणी मुंबईला, कोणी पेणला, बरीचशी रोह्याला मजुरीला. त्यांना मीच पोचवले. पाटे-वरवंटे, कोंबड्यांचे खुराडे, म्हातारी माणसे. शिवा आणि गोदूबाई शेवटच्या फेरीत निघाली. बाबाजी धक्क्यावर आला होता. तो दोघांपुढे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “गोदू, मी गावाचा भलाच बघत व्हतो गो.”

“व्हय मामा,” गोदूबाई म्हणाली. “म्हनून तं तुमाला शिवीबी देता येत नाय.” आणि माझ्यात चढून ती पाठ फिरवून बसली.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी इतका कडवट झालो नसतो. पुढचे ऐका. त्या मेलेल्या जमिनीवर बाहेरच्या एका व्यापाऱ्याने मिठागरे घातली. एक्केचाळीस घरांपैकी आता सहा घरे नांदती होती. मी मीठ वाहत राहिलो, पूर्वीच्या दुप्पट. आणि येताना? सहा घरांना असे किती लागणार? थोडे रॉकेल, थोडी मिरची. बांध फुटल्यानंतर तिसऱ्या वर्षी कारकुनाने वहीची बेरीज केली तेव्हा पाठवलेला माल डोंगराएवढा आणि आणलेला मुठीएवढा. इतकी शिल्लक तालुक्यात कधी कोणा गावाची पडली नव्हती. गावाचा पहिला नंबर आला.

माझ्या नव्या तांडेलाने ही बातमी रोह्याच्या काठावर शिवाला सांगितली. गोदूबाई तिथेच होती, कोणाच्या तरी रेतीच्या टोपल्या वाहत होती. तिने टोपली खाली ठेवली.

“ढाल घ्यायला कोन गेलता?” तिने विचारले.

“बाबाजी. एकटाच. घेतली नाय त्यानं. टेबलावर ठेवून परत आला.”

गोदूबाई माझ्याजवळ आली, नाळेवर हात टेकून तिने थोडा दम खाल्ला, आणि पुन्हा टोपली उचलली. त्यानंतर चार-सहा वर्षांत मीही रेतीच्या धंद्यात विकला गेलो, कंबर मोडेपर्यंत राबलो, आणि इथे येऊन पडलो. बाबाजी वारला हे ऐकले. गोदूबाईचे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही.

माझी कीव करू नका. फळ्या हव्या तर न्या, थंडीत शेकायला बऱ्या आहेत. एवढेच करा. मोठे झाल्यावर तुम्हाला कोणी आनंदाने सांगेल, की अमक्या गावाने, अमक्या देशाने आणले त्याहून जास्त पाठवले. तुम्ही टाळ्या जरूर वाजवा. पण टाळ्या थांबल्या की त्या गावात जाऊन या, आणि तिथे किती घरांत चूल पेटते ते मोजा.